माळेतली कवडी कशी ओळखावी आणि कशी जपावी

तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत किंवा सारीपाटाच्या जुन्या पिशवीत मिळणाऱ्या कवड्या सारख्याच दिसत असल्या, तरी त्यांत दोन निराळ्या जातींच्या सागरी गोगलगायींची कवचे मिसळलेली असू शकतात. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने एकीला ‘मोनेटा’, म्हणजे नाण्याची, आणि दुसरीला ‘अॅन्युलस’, म्हणजे कड्याची, अशी नावे दिली.

ओळखण्यासाठी कवडी पालथी ठेवून तिच्या कडेवरून बोट फिरवावे. मोनेटा साधारण दोन-अडीच सेंटिमीटरची, पिवळसर आणि चपटी असते. तिच्या रुंद टोकाजवळ दोन्ही बाजूंना गाठींसारखे फुगवटे असल्यामुळे बोट अडखळते आणि आकार कोनदार वाटतो. अॅन्युलसची कड मात्र सलग व लंबगोल असून पाठीवर नारिंगी-सोनेरी कडे असते. केवळ या कड्यावर विसंबू नये, कारण मोनेटाच्या पाठीवरही कधी कधी तशीच फिकट रेषा असते, आणि ओवण्यासाठी पाठ कापलेल्या कवडीवर ती खूण अर्धवटच उरते. माझ्या मते कडेची परीक्षाच अधिक भरवशाची आहे.

कवडीची चकाकी ही जिवंत प्राण्याची करणी आहे. तिच्या पोटाकडच्या दातेरी चिरेतून बाहेर येणारा मांसल पडदा दोन्ही बाजूंनी पाठीवर चढतो, कवच झाकून ठेवतो आणि त्यावर नवे थर चढवत राहतो. प्राणी मेल्यावर हे काम थांबते, त्यामुळे एकदा गेलेली झिलई परत येत नाही. म्हणूनच देवाची तांब्या-पितळेची भांडी ज्या चिंचेने किंवा लिंबाने घासतो, त्याच पाण्यात माळ कधीही बुडवू नये. कवच चुनखडीचे असल्याने आंबट पदार्थ ते खातो व पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज होतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरेसे आहे. चिरेच्या दातांच्या फटींतले कुंकू हलक्या हाताने काढावे, माळ सावलीत वाळवावी आणि दोरा पूर्ण सुकल्याखेरीज ती डब्यात ठेवू नये.

लक्षद्वीपला गेल्यास ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या उथळ भागात दगडाखाली जिवंत कवडी दिसू शकते. दगड उचललाच, तर पाहून झाल्यावर तो होता तसाच, त्याच बाजूने अलगद ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उघड्या उन्हात तग धरत नाहीत.