गाडी दारात असतानाच करायची तयारी: ठाणे-नवी मुंबईतील ज्येष्ठांचा प्रवास

वयाची पंचावन्न वर्षे उलटली, की वाहन परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. असे नूतनीकरण जवळ आले, की गाडीशिवाय फिरण्याचा सराव सुरू करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोतीबिंदू वाढल्यावर किंवा गुडघे कुरकुरू लागल्यावर पहिल्यांदाच बसथांबा शोधायला निघणे फार जड जाते. मग बाहेर पडणेच कमी होते आणि ते सर्वांत वाईट.

महिनाभरात जेथे जेथे जाणे होते, त्या ठिकाणांची आधी यादी करावी. प्रत्येक ठिकाणचा मार्ग ठरवताना किती वेळ लागतो यापेक्षा किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि किती वेळा वाहन बदलावे लागते, हे पाहावे. वीस मिनिटे अधिक लागली तरी चालतील, पण पायऱ्यांचा एक जिना वाचला पाहिजे.

उदाहरणार्थ, घोडबंदर रस्त्यावरून वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जायचे आहे. ठाणे स्थानकाकडे जाणारी टीएमटीची (ठाणे महापालिका परिवहनची) बस सॅटिसच्या, म्हणजे स्थानकालगत बससाठी बांधलेल्या उंच पुलावर सोडते आणि तेथून पादचारी पुलावर जाता येते, त्यामुळे खालच्या रिक्षांच्या गर्दीत शिरावे लागत नाही. ट्रान्स-हार्बरचे, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलचे फलाट पूर्वेच्या बाजूला आहेत. तेथे उतरण्यासाठी लिफ्ट किंवा सरकता जिना नेमका कोठे आहे, हे गर्दी नसताना एकदा स्वतः पाहून ठेवावे. वाशीची लोकल ठाण्याहूनच सुटते, म्हणून भरलेली गाडी सोडून पुढच्या गाडीसाठी थांबले तर बसायला जागा मिळते. सकाळी अकरानंतर निघावे आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी परतावे. वाशी स्थानकापासून पुढे रिक्षाच बरी.

बेलापूरहून खारघर, तळोजा किंवा पेंधरकडे जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून नवी मुंबई मेट्रो आहे. तिचे डबे फलाटाच्या पातळीत असल्यामुळे लोकलसारखे पाऊल उचलून चढावे लागत नाही.

गावी जाण्यासाठी एसटी विसरू नये. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. महिलांना तर मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धे तिकीट आहे.

बसमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव आसनावर कोणी बसले असेल, तर संकोच न करता वाहकाला सांगावे. बस पूर्ण थांबेपर्यंत आसन सोडू नये. दरवाजाच्या दांड्याला धरूनच उतरावे आणि त्यासाठी एक हात मोकळा राहील अशी खांद्याची पिशवी घ्यावी. रात्री परतायचे असेल, तर सोसायटीजवळच्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा क्रमांक घेऊन ठेवावा आणि निघण्यापूर्वीच त्याला परतीची वेळ सांगावी.