बेटावरची कादंबरी नकाशा समोर ठेवून कशी वाचावी

बेटावर घडणारी कादंबरी हाती घेतली की वाचकाचे लक्ष बहुधा एकटा माणूस आणि निसर्ग यांच्या झुंजीवर खिळते. ते बेट कुठे आहे, तिथे आधी कोण येऊन गेले होते आणि जहाज त्या वाटेने कशासाठी निघाले होते, हे प्रश्न मात्र मागे पडतात. ते विचारत कसे वाचावे, हे येथे १७१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनियल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या आधारे दाखवले आहे.

सुरुवात स्थाननिश्चितीपासून करावी. बेट काल्पनिक असले तरी मजकुरात विखुरलेल्या खुणा जमवून त्याचा परिसर ठरवता येतो. क्रूसोचे बेट ओरिनोको नदीच्या मुखाजवळ आहे आणि तिथून दिसणारी जमीन त्रिनिदादची असल्याचे पुढे कळते; म्हणजे आपण कॅरिबियन भागात आहोत. आजचा नकाशा येथे चकवतो. अलेक्झांडर सेलकर्क हा खलाशी १७०४ ते १७०९ या काळात ज्या बेटावर एकटा राहिला, ते चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात आहे. त्याची हकिकत डिफोला प्रेरक ठरली असे मानले जाते आणि चिलीने १९६६ मध्ये त्या बेटाला क्रूसोचेच नाव दिले. कादंबरी वाचताना तिथे खूण करू नये.

त्यानंतर बेटावरचे प्राणी आणि वनस्पती यांची यादी करावी. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सर्वाधिक हाती लागते ते येथेच. क्रूसोला बेटावर रानटी शेळ्या भेटतात, तो त्यांना कुंपणात कोंडून कळप वाढवतो आणि त्या तिथे कशा आल्या हा प्रश्न वाचकालाही पडत नाही. वास्तविक शेळी हा अमेरिकेचा मूळ प्राणी नव्हे. युरोपीय खलाशी पुढच्या फेरीत ताजे मांस मिळावे म्हणून वाटेतल्या बेटांवर शेळ्या आणि डुकरे सोडत असत. सेलकर्कच्या बेटावरही शेळ्या अशाच आल्या होत्या. ज्याला आपण अस्पर्श निसर्ग समजतो, त्यावर जहाजांचा हात आधीच फिरलेला असतो. क्रूसोचे जव उगवतात तेही जहाजावरून आणलेल्या कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशवीतून सांडलेल्या दाण्यांतून.

मग जहाजाचा मार्ग आखावा. क्रूसो ब्राझीलमधील मळ्याचा मालक आहे आणि मळ्यांसाठी आफ्रिकेतील गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला निघाला असताना त्याचे जहाज फुटते. संक्षिप्त बालआवृत्त्यांत हा भाग अनेकदा गाळलेला असतो, म्हणून शक्यतो संपूर्ण आवृत्ती वाचावी. कथेत हा अपघात १६५९ मध्ये घडतो. त्याच वर्षी इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीने दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेट ताब्यात घेतले, ते आशियातून परतणाऱ्या जहाजांना ताजे पाणी आणि भाजीपाला मिळावा म्हणून.

शेवटी बेटावर बोलते कोण, हे पाहावे. क्रूसो ज्याला वाचवतो त्याचे मूळ नाव आपल्याला कधीच कळत नाही. त्याला ‘फ्रायडे’ हे नाव मिळते आणि त्याच्या पहिल्या काही शब्दांत ‘मालक’ हा शब्द असतो. याउलट शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकात बेटावर गुलाम बनवला गेलेला कॅलिबन ‘हे बेट मला आईकडून मिळाले आहे’ असे ठणकावून सांगतो. कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावरचे लेखक एमे सेझेर यांनी १९६९ मध्ये त्याच नाटकाचे नवे रूप लिहिले, तेव्हा कॅलिबनच्या या दाव्यालाच मध्यवर्ती स्थान दिले. दोन्ही नाटके लागोपाठ वाचावीत.

हे प्रश्न सरकारी कागदपत्रांनाही लावता येतात. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहाच्या रहिवाशांना ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात, दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून, हलवले. त्याआधी, १९६६ मधील एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या टिपणात तिथल्या माणसांचा उल्लेख पक्ष्यांच्या जोडीने आढळणारे काही ‘टारझन’ आणि ‘फ्रायडे’ असा केलेला आहे.