मुंबईत बसून गावच्या कपाशीला खत देताय? या चुका टाळा

नोकरी मुंबईत, सातबारा यवतमाळ नाहीतर जळगावचा, शेत भाऊ किंवा बटाईदार बघतो आणि खताचा निर्णय होतो फोनवर. "किती पोती टाकू?" "मागच्या वर्षी किती टाकली होती?" "चार." "मग चारच टाक." कपाशीच्या खताचं निम्मं गणित इथेच बिघडतं, कारण पोतं हे माप नाही.

युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं झालं. त्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे साधारण २०.७ किलो. डीएपीचं (डाय-अमोनियम फॉस्फेट) पोतं ५० किलोचं, त्यात नत्र ९ आणि स्फुरद (फॉस्फेट) २३ किलो, पालाश (पोटॅश) शून्य. १०:२६:२६ (नत्र:स्फुरद:पालाश, टक्क्यांत) च्या पोत्यात नत्र ५, स्फुरद १३, पालाश १३. "चार पोती" म्हणजे यातली कोणती चार, त्यावर पिकाच्या पोटात काय गेलं ते ठरतं. त्यातून २०२२ पासून अनुदानित खतांच्या पोत्यांवर सगळ्यात मोठं नाव 'भारत युरिया', 'भारत डीएपी', 'भारत एनपीके' असं असतं. चेंबूरच्या आरसीएफ या खत कंपनीची सुफला मागितली तरी हातात 'भारत एनपीके' येणार. गावाकडून पोत्याचा फोटो मागवा आणि नावाऐवजी ते तीन आकडे वाचा.

हेक्टर आणि एकराची गल्लत

शिफारस हेक्टरी असते, बोलणं एकरात चालतं आणि सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर लिहिलेलं असतं, म्हणजे दोन एकर. उदाहरणाला कपाशीची हेक्टरी १२०:६०:६० ही मात्रा घेऊ. विद्यापीठ, जमीन, पाणी बघून ती कमी-जास्त होते. माती परीक्षणाचा कागद हाताशी असेल तर त्यावरचाच आकडा धरा. अडीचने भागलं की एकरी ४८ नत्र, २४ स्फुरद, २४ पालाश. १२० म्हणजे १२० किलो युरिया नव्हे, १२० किलो नत्र, हेही बटाईदाराला एकदा नीट सांगायला हवं.

हीच एकरी मात्रा तीन रस्त्यांनी पुरी करता येते. डीएपी एक पोतं, लाल पोटॅश (फक्त पालाश देणारं खत) ४० किलो, युरिया ८५ किलो. किंवा १०:२६:२६ दोन पोत्यांना थोडं कमी (९२ किलो) आणि युरिया ८४ किलो. नाहीतर १५:१५:१५ ची तीन पोती आणि युरिया ५५ किलो. डीएपी आणि युरिया टाकून मोकळं व्हायचं, ही सर्रास होणारी चूक. यात पालाश जातच नाही आणि बोंड भरायच्या वेळी झाड मागे पडतं. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणून हात तिकडेच वळतो. स्वस्त आहे म्हणून जास्त टाकलेला युरिया पऱ्हाटी (कपाशीचं झाड) माजवतो: पानं काळपट हिरवी, झाड कमरेच्या वर, पाती (फुलांच्या कळ्या) मात्र गळतात आणि तुडतुडे-मावा पहिले तिथेच येतात.

पोळ्याला गावी गेलो की टाकू

मुंबईकराचं वेळापत्रक सुट्ट्यांवर चालतं. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. २० जूनला लावलेली कपाशी पहिल्या तारखेला ८६ दिवसांची, दुसऱ्या तारखेला ६३ दिवसांची. नत्राचा शेवटचा हप्ता ६० दिवसांच्या आसपास जायला हवा. ८६ व्या दिवशी दिलेला युरिया बोंडांऐवजी नव्या फुटीला लागतो, पीक लांबतं आणि गुलाबी बोंडअळीला मुक्काम मिळतो. लावणीची तारीख मोबाइलमध्ये टाका आणि तीस व साठ दिवसांचे गजर लावून ठेवा. गडी सांगणं, पैसे पाठवणं, पोतं शेतात पोहोचणं यात चार दिवस जातातच, ते आधीच धरा.

वर डीएपीचा हिशेब दिला, त्यातली विभागणी अशी: लावणीच्या वेळी डीएपी आणि पोटॅश पूर्ण, सोबत युरिया १५ किलो, ३० व्या दिवशी ३५ किलो, ६० व्या दिवशी ३५ किलो. चार बाय दोन फुटांवर एकरात साधारण ५,४४५ झाडं बसतात, म्हणजे एका हप्त्याला झाडामागे जेमतेम साडेसहा ग्रॅम. गडी मुठीने टाकतो तेव्हा पहिल्या चार ओळींतच पोतं संपतं आणि शेताचा शेवटचा तुकडा उपाशी राहतो. पाण्याच्या बाटलीचं बूच हे चांगलं माप आहे, पण आधी दहा बुचं युरिया भरून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या. बूच काठोकाठ भरायचं की थोडं कमी, ते तिथेच ठरतं.

खिडकीतून पाऊस बघून निर्णय

अंधेरीत धो-धो कोसळतोय म्हणून "आज टाकून घ्या" असा फोन जातो. सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कपाशीच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी अख्ख्या हंगामात तेवढा पडतो. इथल्या ढगांवरून तिथली ओल कळत नाही. फोनवर एकच विचारा: वाफसा आहे का? मातीचा गोळा दाबला की बसतो, सोडला की फुटतो आणि हाताला चिकटत नाही, तो वाफसा. कोरड्या, तापलेल्या काळ्या जमिनीवर युरिया नुसता भुरभुरला तर त्यातल्या नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो. या जमिनी चुनखडीयुक्त, विम्लधर्मी (अल्कधर्मी), म्हणून नुकसान आणखी जास्त. पाणी साचलेल्या शेतात टाकला तर नत्र वायू बनून निघून जातं. वाफशावर, झाडापासून चार बोटं दूर टाकायचा आणि त्याच दिवशी डवऱ्याने (बैलाच्या कोळप्याने) मातीआड करायचा.

लावणीच्या वेळचं खतही बियाण्याला चिकटता कामा नये. दोन इंच बाजूला, दोन इंच खाली. बी आणि डीएपी एकाच खड्ड्यात पडलं की उगवण विरळ होते आणि बोल बियाण्याच्या पाकिटाला लागतात.

पानं लाल झाली, फोटो आला

व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो येतो आणि मुंबईहून उत्तर जातं, "युरिया टाक." थांबा. तीन फोटो मागवा: शेत दुरून, एक पूर्ण झाड, आणि पान उलटं करून खालची बाजू.

खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत वर येत असतील तर नत्र कमी पडलंय. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल तर मॅग्नेशियम, त्यालाच लाल्या म्हणतात. थंडी सुरू झाली आणि बोंडांचा भार वाढला की तो झपाट्याने दिसतो. पानाच्या कडा पिवळ्या-लाल, पान खाली मुडपलेलं आणि उलट्या बाजूला तिरके चालणारे हिरवे किडे, तर ते तुडतुडे. तिथे खताचा काही उपयोग नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. आणि लांबलेल्या उघडीपीनंतर मोठा पाऊस होऊन झाडं एका दिवसात लोंबली, तर ती आकस्मिक मर. आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं, मग दहा लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पोटॅश १०० ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम मिसळून झाडामागे पाव लिटर बुडाशी ओतायचं, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत.

लाल्याला मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, म्हणजे दहा लिटरला १०० ग्रॅम फवारतात. फुलोऱ्यात दोन टक्के युरिया, बोंडं धरताना दोन टक्के डीएपी: १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. डीएपी रात्रभर भिजवायचं, सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची, तळचा गाळ शेतात टाकायचा. एक फेरी वाचवायला डीएपीची निवळी आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र करू नका. मिश्रण दुधाळ होतं, खाली पांढरा साका बसतो आणि नोझल तुंबतं. साक्यात गेलेलं स्फुरद आणि मॅग्नेशियम पानाला लागत नाही. शंका असेल तर काचेच्या बरणीत अर्धा लिटर करून पंधरा मिनिटं बघा. फवारणी उन्हं उतरल्यावर. भर दुपारी दोन टक्क्यांनीही पानं करपतात. नॅनो युरियाची बाटली फवारणीची आहे, लावणीच्या वेळच्या खताची जागा ती घेत नाही.

पोतं खरं आहे का

डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्या, तंबाखूला लावतो तसा चुना लावून मळा. नाकात झिणझिण्या आणणारा उग्र वास आला पाहिजे. नाहीच आला तर ते डीएपी नाही. आला तरी त्यात स्फुरद किती हे कळत नाही, कारण १०:२६:२६ लाही तोच वास येतो. युरिया तापलेल्या तव्यावर पूर्ण वितळून उडून जातो, मागे काही उरत नाही; पाण्यात विरघळताना भांडं गार लागतं. पैसे यूपीआयने तुम्ही पाठवता, पण अंगठा दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) मशीनवर गावातल्या माणसाचा लागतो, म्हणून बिलाचा फोटो मागाच. युरियासोबत गळ्यात मारलेली टॉनिकची बाटली तिथेच सापडते. असं लिंकिंग झालं असेल तर बिलासह तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

बाकी पिकांचं थोडक्यात. सोयाबीनला उभ्या पिकात युरिया देऊ नका, पाला वाढतो आणि शेंगा कमी लागतात; डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर गंधकही मिळतं. मात्र सुपर आणि युरिया आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, सकाळी चिखल होतो. पालघर-रायगडला भातशेती असेल तर युरिया फोकण्यापेक्षा (हाताने विखुरण्यापेक्षा) लावणीनंतर चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये एक युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) चिखलात खोचणं बरं, तीन इंच खोल.

मातीचा नमुना मात्र मे महिन्याच्या सुट्टीतच घ्या, खत पडायच्या आधी. एकसारख्या जमिनीत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, बाजूची माती खरवडून एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताच्या ढिगाची जागा वगळा. पिशवी युरियाच्या रिकाम्या पोत्याची नको, नाहीतर अहवालात नत्र भरपूर दिसेल.