तांब्याचं कोरं नाणं गोव्याच्या पावसात लाल कसं ठेवायचं

चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे समया, ताम्हण, कळसो सगळं सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या आंबट पाण्यात पडतं, तसं तीन वर्षांपूर्वी काकीने माझी चार नाणीपण त्यातच टाकली, बिचारीचा हेतू चांगलाच होता. १९५९ सालची ३० सेंतावची, पोर्तुगीज राजवटीतली, आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात कागदात गुंडाळून राहिलेली, बाजारात बहुतेक कधी फिरलीच नव्हती. दहा मिनिटांत चारही नाणी गुलाबी, सोललेल्या सुंगटासारखी (कोळंबीसारखी). काकी खूश, म्हणाली बघ कशी झळकतायत. मी काय बोलणार.

तर नवीन गोळा करायला लागलेल्यांसाठी पहिली गोष्ट हीच, की तांब्याचं नाणं साफ करायचं नसतं. चिंच नाही, लिंबू-मीठ नाही, भांडी घासायची पावडर तर नाहीच नाही. टांकसाळीतून निघताना नाण्यावर जी चमक असते ती वरून लावलेली पॉलिश नसते, ठसा दाबताना धातू सरकतो त्याच्या अगदी बारीक रेषा असतात आणि त्यावरून उजेड परततो. आंबटाने वरचा थर खाल्ला की त्या रेषा गेल्या, मग कितीही झळको, जाणकाराला लगेच कळतं आणि किंमत पडते ती पडतेच.

आता कोरं, म्हणजे बाजारात न फिरलेलं नाणं ओळखायचं कसं. खोलीतली ट्यूब बंद करा, एकच पिवळा बल्ब असलेला टेबल लॅम्प लावा आणि नाणं कडेने धरून, म्हणजे बोट फक्त काठाला, सपाट भागाला अजिबात नाही, हळूहळू कलतं करा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. फिरता फिरता तो उंच भागावर येऊन मध्येच तुटला आणि तिथे मळकट, राखाडीसर तपकिरी दिसलं तर तिथे झीज आहे, नाणं थोडं का होईना फिरलंय. पाचव्या जॉर्जच्या पाव आण्यावर आधी भुवई आणि मिशी बघायची, अमेरिकन पेनीवर लिंकनच्या गालाचं हाड, आपल्या ३० सेंताववर ढालीच्या चिन्हाचा वर आलेला भाग. इथे एक घोळ होतो तो म्हणजे ठसा नीट बसलेला नसला तरी उंच भाग सपाट दिसतो, पण त्या सपाट जागेवर चमक असते, झिजलेल्यावर नसते. मला हे समजायला वर्ष गेलं. भिंग ५ किंवा १० पटीचं पुरे, त्याहून मोठं घेतलंत तर प्रत्येक नाणं खराबच दिसेल.

नाण्याच्या दर्जाचे, म्हणजे ग्रेडचे आकडे १ ते ७० असतात, शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये त्यांच्याकडच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी ही पट्टी काढली, म्हणजे ह्या सगळ्याची सुरुवातच तांब्यापासून झाली बघा. ६० पासून पुढे कोरं. पण कोरं म्हणजे निष्कलंक नव्हे, टांकसाळीत नाणी एकमेकांवर आपटतात, पोत्यात घासतात, त्याचे खोचे असतात. ६० ते ६२ ला खोचे भरपूर, चमकही मंद असू शकते, ६३-६४ ला दिसतात पण डोळ्यात खुपत नाहीत, ६५ ला शोधावे लागतात. गालावरचा एक खोचा कडेच्या पाच खोच्यांपेक्षा जास्त नडतो. ६७ च्या वरचं तुम्हाला जुन्या डब्यात मिळणार नाही, कोणी तसं सांगून विकत असेल तर हसून पुढे जा.

तांब्याला ह्या आकड्यासोबत रंगही लागतो, चांदीला असलं काही नाही. मूळ लाल रंग जवळपास सगळा, साधारण ९५ टक्के, टिकला असेल तर रेड. पाच टक्क्यांच्या खाली आला तर ब्राऊन. मधलं सगळं रेड-ब्राऊन. ब्राऊन म्हणजे वाईट असं समजू नका, सारखा चॉकलेटी झालेला आणि खालून चमक देणारा ब्राऊन मला डागाळलेल्या लालपेक्षा केव्हाही आवडतो. संशय घ्यायचा तो गुलाबी किंवा भडक नारिंगी रंगाचा, आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक ओरखड्यांचा. ते कोणीतरी कापडाने पुसलंय. माझी ती चार आता ह्याच कामाला येतात, नवख्याला दाखवायला.

शिकायला महाग नाणं घेऊ नका. १९५७ ते १९६२ मधला ब्राँझचा नया पैसा घ्या, दीड ग्रॅमचा एवढासा, चूक झाली तर जीव जळत नाही. (आपण तांबं तांबं म्हणतो पण विसाव्या शतकातली ही बहुतेक ब्राँझचीच, सांभाळायची रीत तीच.) यूकेहून किंवा अमेरिकेहून कोणी नातेवाईक पेन्या घेऊन आले तर आधी लोहचुंबक लावा, १९९२ नंतरची ब्रिटिश पेनी आतून पोलादी आहे, चिकटते. अमेरिकन पेनी १९८२ मध्ये बदलली, आधीची ३.११ ग्रॅम, नंतरची २.५ ग्रॅम आणि आतून जस्त, वर फक्त तांब्याचा मुलामा. हिच्या मुलाम्याखाली फोड येतात आणि आपल्या हवेत तर लवकरच येतात.

हवेचं म्हणाल तर गोव्यात खरी लढाई तीच. जून ते सप्टेंबर चपलांना बुरशी येते तिथे तांब्याचं काय होत असेल, आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर हवेत मीठ, ते तर ब्राँझला खातंच. हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं ताबडतोब वेगळं करा, घासू नका.

मी काय करतो ते सांगतो. नाणं बघताना खाली मऊ टॉवेल पसरलेला, पडलं तरी वाचतं. बघताना बोलायचं नाही, थुंकीचा न दिसणारा थेंब सहा महिन्यांनी काळा ठिपका होऊन उठतो, आणि बोटाचा ठसाही तसाच, आज दिसत नाही, पुढच्या पावसाळ्यात दिसतो. मायलारची (पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये किंवा कडक अ‍ॅक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये घालायचं. स्टेपल मारलात तर पक्कडीने सपाट करा, नाहीतर तीच पिन शेजारच्या नाण्याला ओरबाडते. मऊ चकचकीत पाकिटांचे अल्बम नकोत, ते पीव्हीसी, नवीन रेनकोटचा जो वास येतो ना तोच वास, त्यातून हिरवा चिकट थर सुटतो. रबर बँड नको, त्यात गंधक असतं.

पीव्हीसीचा असा चिकटा आधीच बसला असेल तरच शुद्ध अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात वास आणि रंग मिसळलेले असतात. काचेच्या वाटीत दोन-चार मिनिटं, मग दुसऱ्या वाटीत ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून उभं करून वाळू द्यायचं, पुसायचं नाही. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं जवळ नको, भसकन पेट घेतं ते. पहिला प्रयोग नया पैशावरच करा.

होल्डर सगळे हवाबंद डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा लोखंडी कपाटात. लाकडी कपाटातून, खास करून प्लायच्या, आम्लाची वाफ निघते, डांबर गोळ्या तर अजिबात ठेवू नका. तांदूळ घालायचं कोणीतरी सुचवतंच, पण त्याची पीठासारखी धूळ नाण्यावर बसते. नारिंगी मण्यांचं जेल घ्या, ओल शोषून हिरवं झालं की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवलं की परत कामाला तयार. छोटं आर्द्रता मीटर आत टाका, ४०-४५ टक्क्यांच्या खाली काटा राहिला की झालं. आणि धो धो पाऊस असताना डबा उघडायचा नाही, एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत तर काढूच नका, थंड नाण्यावर लगेच दव धरतं. मी जेल मे महिन्यात बदलतो आणि डबा मनसोक्त उघडतो तो डिसेंबर-जानेवारीत.

पीसीजीएस, एनजीसी ह्या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून सीलबंद करून देतात, पण नया पैशाला तो खर्च परवडत नाही. शिवाय शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती आपण देशाबाहेर पाठवू शकत नाही, म्हणजे घरात १९०१ चा दों कार्लुश ह्या पोर्तुगीज राजाचा पाव तांगा सापडला तर तो आधी टेबल लॅम्पखाली तुम्हालाच बघावा लागेल.