घरापुरती विहीर हाताने खोदायची तर: नागपूरकडची माती, मुरूम आणि दगड

विहिरीला हात घालायचा तो होळी झाल्यावर, आणि तळ गाठायचा तो नवतपा चालू असताना. मे अखेरीला आपल्याकडे भूजल सगळ्यात खाली असतं. तेव्हा जे पाणी दिसतं तेच वर्षभराचं खरं पाणी. दिवाळीत खोदलेल्या विहिरीला वीस फुटांवर पाणी लागतं, घरचे खूश होतात, आणि एप्रिलमध्ये तळाला भेगा दिसतात. मृग लागायच्या आत बांधकाम आणि कठडा पुरा व्हायलाच हवा. उघडा, न बांधलेला खड्डा पहिल्या मोठ्या पावसात काळ्या मातीसकट आत बसतो.

जागा ठरवण्याआधी आजूबाजूच्या पाच-सहा विहिरींत दोराला दगड बांधून सोडा आणि पाणी किती खोल आहे ते मोजा. पाणाड्याच्या नारळापेक्षा हे माप भरवशाचं. शेजाऱ्यांची पातळी मेमध्ये 28 फुटांवर असेल तर आपला तळ 36 ते 38 फूट धरा, म्हणजे कडक उन्हाळ्यातही आठ-दहा फूट पाणी उभं राहील. शौचालयाचा शोषखड्डा, सेप्टिक टाकी आणि गोठा यांपासून किमान 50-60 फूट दूर राहा, आणि विहीर त्यांच्या चढाच्या बाजूला घ्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर 500 मीटरच्या आत असेल तर भूजल कायद्याचे निर्बंध लागतात. त्यामुळे आधी ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय नागपुरात आहे, तिथे आपल्या भागातल्या खडकाची माहिती मिळते.

खडकावर पुढचं सगळं ठरतं, आणि नागपूर या बाबतीत एकसारखं नाही. सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला साधारणपणे काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. वर काळी माती, मग मुरूम, मग मऊ कुजका खडक, त्याखाली घट्ट पाषाण. पाणी बहुतेक मुरूम आणि कुजक्या खडकात, फटींमध्ये असतं. पूर्वेकडे जुना नीस खडक. तिथेही पाणी वरच्या झिजलेल्या थरातच. कामठी-कन्हान बाजूला वाळूखडक आणि नदीचा गाळ आहे. गाळात उभा खड्डा टिकत नाही, तिथे सिमेंटच्या कड्या बसवत खाली जावं लागतं: कडी ठेवायची, आतून माती काढायची, कडी आपल्या वजनाने उतरली की वर दुसरी. पुढे जे सांगितलंय ते मुरूम आणि काळ्या दगडाच्या भागासाठी आहे.

विहीर गोलच खोदा. गोल भिंतीवर माती चहूकडून सारखी दाबते आणि भिंत आपसूक आवळली जाते. चौकोनी खड्ड्याची बाजू मात्र मधूनच फुगते आणि सुटते. आतून पाच फूट व्यास हवा असेल तर खोदाई सात फुटांची करा: दोन्ही बाजूंना नऊ इंच विटांची भिंत आणि तिच्यामागे तीन इंच खडी. सात फूट व्यासाला दर फुटाला साडेअडतीस घनफूट माल निघतो. तीस फुटांना साडेअकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि सुटा झाल्यावर फुगून जवळपास पंधरा. एवढा माल कुठे टाकायचा ते आधी ठरवा. काठापासून दहा फुटांच्या आत ढिगारा नको. ढिगाऱ्याच्या वजनानेच काठ ढासळतो.

मधोमध ओळंबा सोडा आणि साडेतीन फुटांची काठी त्याभोवती फिरवून दर तीन फुटांना गोलाई तपासा. विहीर कलली तर बांधकामात विटा ओळीत बसत नाहीत, आणि पुढे पंपाचा पाइप भिंतीला घासतो.

काळी माती सगळ्यात फसवी. कोरडी असताना भेगा पडून दगडासारखी उभी राहते, ओली झाली की लोंबते. ती तीन फुटांपेक्षा जाड असेल तर तेवढा भाग उतार देऊन रुंद खोदा, किंवा फळ्या आणि आडवे वासे लावून धरा. मुरमात टिकाव, पहार आणि घमेलं पुरतं. खाली दोन माणसं असली तर मऊ मुरमात दिवसाला दोन-अडीच फूट होतात, कडक मुरमात फूटभर. पुढे घण, छन्नी आणि पाचर. फट नसलेला काळा पाषाण लागला की हाताने खोदण्यात अर्थ उरत नाही. सुरुंगाला परवानाधारक माणूसच हवा, आणि आजूबाजूला घरं असतील तर तो विचारच सोडा. तिथे थांबून विहिरीच्या भिंतीतून आडवे बोअर घेतले तर शेजारच्या फटींतलं पाणी ओढता येतं.

माल वर काढायला लाकडी रहाट किंवा कप्पी, जाड नायलॉनचा दोर आणि कडीचं घमेलं. दोर रोज सकाळी हातात घेऊन तपासा. घमेलं वर जात असताना खालच्या माणसाने भिंतीला लागून उभं राहायचं, डोक्यावर हेल्मेट ठेवूनच. काम पहाटे पाच ते अकरा; नागपूरच्या मेमध्ये त्यापुढे वर रहाट ओढणाऱ्यालाच आधी ऊन लागतं.

आता हवेचं. पंधरा फुटांखाली कोंदट हवा साठते. कार्बन डायऑक्साइड जड असतो, तळाशी बसतो, त्याला वास नसतो. रोज सकाळी, आणि जेवणानंतर पुन्हा उतरण्याआधी, पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडा. विझला किंवा मंदावला तर कोणीही उतरायचं नाही. ब्लोअरची नळी तळापर्यंत नेऊन हवा सोडा, मग पुन्हा कंदील. कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. विषारी वायू त्याला कळत नाहीत. म्हणून खोल काम चालू असताना ब्लोअर बंद करू नका, आणि डिझेल इंजिन विहिरीत किंवा तोंडाशी कधीच ठेवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मिनिटांत माणूस बेशुद्ध करतो. खालच्या माणसाच्या अंगाला पट्टा आणि दोर बांधलेला असावा, वर ओढायला दोन जण. तो कोसळला तर घाबरून त्याच्यामागे उतरू नका. दोराने ओढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. विहिरीतल्या अपघातांत दुसरा आणि तिसरा माणूस असाच जातो.

पाणी लागल्यावर काम मंदावतं, पण याच टप्प्यावर विहिरीचं आयुष्य ठरतं. तळाच्या कडेला दोन फुटांचा छोटा खड्डा करून त्यात विजेचा मड पंप ठेवा. 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, लावल्याशिवाय पंप लावू नका, आणि पंप चालू असताना पाण्यात माणूस नको. उपसा, पंप बंद, खोदा, पुन्हा उपसा.

बांधकाम घट्ट खडकाच्या पायरीवरून सुरू करा. मऊ मुरमावर ठेवलेली भिंत पावसाळ्यात खाली सरकते. पाणी येतं त्या भागात दगड कोरडे रचा किंवा विटांत सांधे मोकळे ठेवा आणि मागे खडी भरा. वरचे दहा फूट मात्र सिमेंटमध्ये पक्के, आत-बाहेर गिलावा करून. गटाराचं आणि पावसाचं पाणी याच दहा फुटांतून आत शिरतं, म्हणून इथे पैसे वाचवू नका. कठडा तीन फूट उंच, भोवती पाच-सहा फूट रुंद सिमेंटचा ओटा, बाहेर उतार दिलेला, आणि वर जाळी.

पाणी पुरेल का ते असं मोजा. पंपाने पातळी तळापासून तीन फुटांवर आणा, बंद करा, तासाभराने पाहा. पाच फूट व्यासाला दर फूट वाढ म्हणजे साधारण 555 लिटर. पाच माणसांच्या घराला दिवसाला 675 लिटर पुरतात, त्यामुळे मेमध्ये तासाला तीन इंचही वाढत असेल तर चिंता नाही.

वापरण्याआधी विहीर दोन-तीनदा पूर्ण उपसा. मग 1000 लिटरला 150 ग्रॅम ताजं ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी विहिरीत टाका, रात्रभर ठेवा आणि वास जाईपर्यंत उपसा. पुढे नेहमीसाठी 1000 लिटरला अडीच ग्रॅम, आणि निदान तासभर थांबून पाणी भरायचं. प्रयोगशाळेत जिवाणूंबरोबर नायट्रेट आणि फ्लोराइडही तपासून घ्या. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर किंवा फ्लोराइड दीडच्या वर निघालं तर ते पाणी धुण्या-भांड्यांना आणि झाडांना ठेवा. उकळून ते कमी होत नाही, उलट दाट होतं.