लांब-रुंद फळ्यांना बॉक्स जॉइंट: फळी आडवीच ठेवा

चार फूट लांब, पंधरा इंच रुंद सागवानी फळी टेबल सॉवर उभी धरून बॉक्स जॉइंटचे (पेटीच्या कोपऱ्यात एकमेकांत बसणारे चौकोनी) दात पाडा, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. फळी डुलते. त्यात खुंटीच्या जिगवर, म्हणजे पाडलेली खाच खुंटीवर बसवून पुढची पाडायच्या साच्यावर, प्रत्येक खाच आधीच्या खाचेवरून ठरते. माझ्या एका फळीत सातव्या खाचेपाशी खुंटीला भुशाचा कण अडकला, तिथून पुढचे सगळे दात सरकले आणि फळी वाया गेली. तेव्हापासून मी फळी टेबलावर आडवी ठेवतो आणि राउटर (फिरत्या बिटाने लाकूड कोरणारं यंत्र) तिच्यावर नेतो.

सगळा खेळ फणीचा, म्हणजे फळीवर ठेवून राउटरला वाट दाखवणाऱ्या दातेरी साच्याचा आहे. फेन्सला (टेबल सॉच्या आधारपट्टीला) हात न लावता, एकाच सेटिंगवर प्लायच्या 18 मिमी रुंदीच्या 24 पट्ट्या फाडा. 18 च्या जागी 18.1 निघाली तरी बिघडत नाही, सगळ्या सारख्या हव्यात. 21 पट्ट्या शेजारी-शेजारी लावून जी रुंदी येईल, तीच फळीची रुंदी. टेपने मोजू नका. आता एक लांब, एक आखूड अशा 22 पट्ट्या घट्ट चिकटवून मांडा आणि मागच्या टोकाला वरून प्लायचा तुकडा स्क्रूने आवळा. पट्ट्यांच्या मधे फेव्हिकॉल लावू नका. मी लावला होता. थरावर थर चढून फणीचं माप फळीशी जुळेना. आखूड पट्टी लांब पट्टीच्या टोकापासून फळीच्या जाडीहून अर्धा मिमी जास्त मागे ठेवा.

पहिल्या, लांब पट्टीच्या कडेला खालून ठोकळा मारा. फणी फळीवर ठेवून एका फळीची कड थेट ठोकळ्याला टेकवा. तिला जोडायच्या फळीच्या वेळी मधे एक सुटी पट्टी घाला. दात बरोबर एका घराने सरकतात. दर वेळी ठोकळ्यापाशी फुंकर मारा.

फळीखाली टाकाऊ प्लाय घ्या, नाहीतर खालून कपच्या उडतात. रुंद फळीला बाक असतोच, तो क्लॅम्पने दाबून काढा. जिगसॉने दोन मिमी सोडून खाचा कापा. मग वर बेअरिंग (फणीच्या भिंतीला टेकून फिरणारं चाक) असलेला राउटरचा 12 मिमीचा बिट डाव्या भिंतीने आत, उजव्या भिंतीने बाहेर.

कोपरे गोल राहतात, ते पटाशीने चौकोनी करा. एका पेटीला असे 160 कोपरे होतात, मधे दोनदा तरी धार लावा.

हे सगळं आधी टाकाऊ लाकडावर. सुका जॉइंट हाताने अर्धा बसावा, उरलेला लाकडी हातोड्याने. सुरुवातीपासूनच ठोकावा लागला तर फेव्हिकॉलच्या पाण्याने लाकूड फुगून तो मधेच अडकेल. घट्ट वाटला तर फणीच्या खाचांवर सँडपेपर फिरवा, सैल वाटला तर खाचांच्या भिंतींना सेलोटेपचा एक थर लावा.