गिटारचा पिकअप बदलायचाय? आधी तक्रार नेमकी सांगा

मागच्या श्रावणात शेजारच्या इमारतीतला अकरावीतला मुलगा गिटार पाठीला लावून माझ्याकडे आला. "दादा, ह्यात हॉट पिकअप टाकायचाय. पैसे साठवलेत." गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घडणीची, सुरुवातीच्या किमतीतली, तीन सिंगल कॉइलची, म्हणजे एकेका कॉइलच्या तीन पिकअपची. मी विचारलं, "काय कमी पडतंय?" तर म्हणाला, "आवाजात दमच नाही." पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं हलणं विजेत बदलणारा भाग; हॉट म्हणजे जास्त जोराचा.

त्याला अ‍ॅम्पला लावून वाजवायला सांगितलं. तारा सात-आठ महिन्यांच्या, खालून काळ्या पडलेल्या. ब्रिजचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूचा, पिकअप पिकगार्डात इतका खाली बसलेला, की पहिली तार शेवटच्या फ्रेटवर दाबली तरी तार आणि पिकअप यांच्यात पाच मिलिमीटरची फट. नव्या तारा चढवल्या. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून पिकअप वर घेतला: बारीक तारांकडे दोन मिलिमीटर, जाड तारांकडे अडीच. त्यानं तीच ओळ पुन्हा वाजवली, मध्येच थांबला आणि अ‍ॅम्पकडे वाकून बघायला लागला. त्या दिवशी त्याचे पैसे त्याच्याकडेच राहिले.

मी पुण्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, वीसेक वर्षं झाली. कार्यक्रम नसतो त्या संध्याकाळी घरी ओळखीच्यांच्या गिटारी दुरुस्त करतो. पिकअप बदलायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम तारा, पिकअपची उंची, नाहीतर खराब झालेली केबल एवढ्यातच भागतं. म्हणून खरेदीच्या आधी हे करा: नव्या तारा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून फटीचं माप आणि शक्य असेल तर तीन-चार मीटरची चांगली केबल. लांब केबल आवाजातली धार खाते, आणि आपण दोष पिकअपला देतो. पिकअप फार वरही नेऊ नका. स्ट्रॅटच्या पिकअपचे चुंबक तारेच्या अगदी जवळ आले की ते तारेला ओढून धरतात. जाड तारांवर वरच्या फ्रेटला सूर डळमळतो, एका स्वरात दोन स्वर भांडल्यासारखे वाटतात. ट्यूनर लावून कितीही जुळवा, जात नाही. पिकअप खाली घेतला की लगेच जातो.

एवढं करूनही मन भरलं नाही, तर एक वाक्य कागदावर लिहा. "दम नाही" चालणार नाही. कुठल्या पिकअपवर, कुठल्या तारांवर, क्लीन (साफ आवाजात) वाजवताना की डिस्टॉर्शनवर (फाटलेल्या आवाजात), आणि नेमकं काय खटकतं, हे त्यात यायला हवं. माझ्याकडे येणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून चार-पाचच असतात, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं.

पहिली तक्रार 'घूंऽऽ'ची, आणि ती मी स्वतः सोसलेली आहे. एका नाट्यगृहात कार्यक्रम होता. दुपारी साउंड चेकला सगळं छान. संध्याकाळी स्टेजचे दिवे डिमरवर आले आणि माझ्या सिंगल कॉइलमधून अशी घरघर सुरू झाली, की निवेदक बोलत असताना मला दर वेळी व्हॉल्यूम शून्यावर न्यावा लागला. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार त्यावर हलते, चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उमटते. पण आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं क्षेत्रही तीच कॉइल तितक्याच आपुलकीनं पकडते. गिब्सन कंपनीतल्या सेठ लव्हर यांनी यावर दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीचे चुंबक आणि वेढे दोन्ही उलटे. तारेचा आवाज बेरजेत जातो, बाहेरची घूं वजाबाकीत. हाच हंबकर. १९५५ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला, १९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसू लागले. तोवर पेटंट हाती आलेलं नव्हतं, म्हणून पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असा स्टिकर असायचा. आज दुकानात 'पीएएफ' म्हणून जे मागतात, ते त्या स्टिकरवरून.

घूं नको आणि स्ट्रॅटचा आवाजही सोडायचा नाही, तर दोन कॉइल एकीखाली एक रचलेले 'नॉइजलेस' पिकअप घ्या. दिसायला सिंगल कॉइलच. क्लीन गाण्यांत धार थोडी बोथट होते, पण स्टेजवर, तबला-ढोलकीच्या शेजारी, तो फरक मला ऐकू येत नाही. एवढी घूं सतावत नसेल तर आधी पाच-टप्प्यांच्या स्विचचा दुसरा आणि चौथा टप्पा वाजवून बघा. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर त्या दोन ठिकाणी घूं गायब होते, म्हणजे अर्धं काम फुकटात झालं. गिटारच्या पोटात तांब्याची टेप लावण्याबद्दलही लोक विचारतात. तिनं दिव्यांची किरकिर कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरची घूं तिला जुमानत नाही.

दुसरी तक्रार: ब्रिजचा आवाज कानात टोचतो. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिजच्या पिकअपला टोन नॉबच जोडलेला नसतो. एक छोटी वायर टाकून खालचा टोन ब्रिजला द्या, सातवर ठेवा आणि आठवडाभर वाजवा. टोचणी तरीही राहिली तर थोडे जास्त वेढ्यांचा ब्रिज पिकअप शोधा.

तिसरी: नेकचा, म्हणजे मानेकडच्या पिकअपचा, आवाज गढूळ, कॉर्ड वाजवली की स्वर वेगळे ऐकू येत नाहीत. इथे लोक हमखास उलटी खरेदी करतात, आणखी जोरदार पिकअप आणतात. वेढे वाढले की आवाज मोठा होतो हे खरं, पण वरची धारही खाली येते. गढूळपणाला कमी वेढ्यांचा पिकअप लागतो. तो बसवला की आवाज थोडा लहान होतो. अ‍ॅम्पचा नॉब त्यासाठीच आहे.

चौथी, डिस्टॉर्शनवर लीड पातळ लागतं. जोरदार पिकअप खरोखर कामाचा तो इथे. १९७२ मध्ये आलेला दिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप याच गरजेतून आला: सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे, अ‍ॅम्पला पुढून ढकलणारा. सिरॅमिक म्हणजे स्वस्तातलं, असं ऐकून कुणी नाक मुरडत असेल तर हे लक्षात ठेवा. स्वस्त स्ट्रॅटमध्ये पोलादी खुंट्यांखाली एक-दोन काळ्या सिरॅमिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या पिकअपचा आवाज अनेकदा कोरडा लागतो. पण दोष एकट्या सिरॅमिकचा नसतो, सगळ्या घडणीचा असतो. अल्निको, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा चुंबक, यातला पाच नंबर खणखणीत, दोन नंबर मऊ. सुगम संगीताच्या साथीला मी दोन नंबर लावतो.

पाचवी तक्रार: व्हॉल्यूम वाढवला की पिकअप शिट्टी मारतो. प्लॅस्टिकच्या पेनानं पिकअपवर हलकं टकटक करा. अ‍ॅम्पमधून तेच टकटक मायक्रोफोनसारखं मोठं ऐकू आलं तर कॉइल सैल आहे. ती मेणात बुडवून पक्की करता येते, पण मेण ६५ अंशांच्या वर गेलं तर बॉबिन, म्हणजे वेढ्यांची प्लॅस्टिकची फिरकी, वाकते. आणि मेणाचं भांडं गरम पाण्यात ठेवायचं, थेट गॅसवर कधीच नाही.

आता आकड्यांबद्दल. खोक्यावर किलो-ओहम लिहिलेले असतात आणि सगळे तेच बघतात: साडेपाच-सहा म्हणजे स्ट्रॅट, आठ म्हणजे जुन्या धर्तीचा हंबकर, तेरा-सोळा म्हणजे हॉट. हा आकडा कॉइलमधल्या तांब्याच्या तारेच्या विरोधाचा आहे, आवाजाचा नाही. तार बारीक केली की तेवढ्याच वेढ्यांचा विरोध वाढतो. त्यामुळे ४२ गेजचा पिकअप ४२ गेजशीच तोलायचा, ४४ गेजशी नाही (गेजचा आकडा मोठा, तशी तार बारीक). शिवाय तांबं तापलं की विरोध चढतो. जानेवारीतल्या सकाळी माझ्या मीटरवर ८.० दाखवणारा हंबकर एप्रिलच्या दुपारी ८.५ दाखवतो. पिकअप तोच, आवाजही तोच. म्हणून आकड्यासोबत चुंबक कोणता आणि तार किती गेजची हेही विचारा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर मी तो पिकअप घेत नाही.

तुमच्या गिटारमधल्या पिकअपचा आकडा गिटार न उघडता मिळतो. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम आणि टोन दहावर ठेवा, स्विच एकाच पिकअपवर. केबलच्या दुसऱ्या टोकाला, जॅकच्या टोकाला एक आणि बाहेरच्या भागाला दुसरी, अशा मल्टिमीटरच्या पिना लावा. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता विरोध, समांतर जोडलेला असल्यानं आकडा किंचित कमी येतो, ६ चा ५.८६ वगैरे. तुलनेला पुरेसा आहे.

पॉटचा विषय निघालाच आहे तर, सिंगल कॉइलला २५० के (किलो-ओहम) आणि हंबकरला ५०० के ही सर्वसाधारण रीत. हंबकर २५० केवर लावला तर तो झाकल्यासारखा वाजतो. मी पहिल्यांदा हंबकर घेतला तेव्हा महिनाभर पिकअपलाच दोष देत होतो. आकडा पॉटच्या पाठीवर छापलेला होता. आणि ईएमजीसारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप घेणार असाल तर त्यांना २५ केचे पॉट आणि नऊ व्होल्टची बॅटरी लागते. बॅटरीला गिटारच्या पोटात जागा आहे का, हे विकत घेण्याआधी बघा.

मापंही आधीच घ्या. स्टीलची पट्टी घेऊन ब्रिजच्या पिकअपवर पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत मोजा. ५० मिलिमीटरच्या आसपास असेल तर जुन्या गिब्सन मापाचा हंबकर चालतो. ५२-५३ असेल, जसं ट्रेमोलोच्या बऱ्याच गिटारींवर असतं, तर रुंद मापाचा मागवा. दीड-दोन मिलिमीटरनं आवाज फारसा बदलत नाही असं मला वाटतं, पण कडेची तार खुंटीबाहेर लटकलेली रोज नजरेला टोचते. हंबकरखाली लोंबणाऱ्या पायांची लांबी आणि लाकडातल्या खड्ड्याची खोलीही मोजा. तीन सिंगल कॉइलच्या पिकगार्डात पूर्ण आकाराचा हंबकर बसत नाही: नवा पिकगार्ड लागतो, कधी लाकूडही कोरावं लागतं. त्यापेक्षा सिंगल कॉइलच्या आकाराचा रेल पिकअप बरा. त्यात खुंट्यांच्या जागी सलग पट्ट्या असतात, त्यामुळे अंतराचा प्रश्नच उरत नाही.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावताना वायरच्या रंगांवर विसंबू नका. सेमूर डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, हिरवी अर्थची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या. दिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी अर्थची, काळी आणि पांढरी एकमेकींना. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की मामला फसतो. फेज, म्हणजे दोन पिकअपच्या सिग्नलची दिशा, उलटी बसली तर दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बेस गायब.

हे सोल्डर करण्याआधी तपासता येतं. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, लाल पिन पिकअपच्या सिग्नल वायरला, काळी अर्थला. आकडा स्थिरावू द्या. मग स्क्रूड्रायव्हरचं पोलादी पातं पिकअपच्या खुंट्यांवर चटकन टेकवा. आकडा क्षणभर वर उसळेल किंवा खाली बुडेल. पातं उचलताना उलटं होईल. जुन्या पिकअपवर पातं टेकवल्यावर आकडा वर गेला असेल तर नव्यावरही वरच जायला हवा. उलटा गेला तर सिग्नल आणि अर्थच्या वायरींची अदलाबदल करा. मात्र पिकअपला धातूचं झाकण असेल किंवा उघडी शिल्डची वायर अर्थला जोडायची असेल, तर तेवढी जोडणी अर्थलाच राहू द्या. मला ही तपासणी करायला फार आवडते. त्या आकड्याच्या उडीत पिकअप म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं.

ऐकायचं कसं, हेही सांगतो. व्हिडिओ ऐका, पण वेगवेगळ्या माणसांचे नको. एकाच माणसानं एकाच गिटारवर, एकाच अ‍ॅम्पवर चार पिकअप वाजवलेले शोधा, आणि साधा हेडफोन लावून फक्त आपल्या तक्रारीपुरतं ऐका. त्याहून चांगलं म्हणजे ओळखीच्या गिटारवाल्याकडे आपला अ‍ॅम्प घेऊन जा.

तो मुलगा गणपतीनंतर पुन्हा आला. या वेळी हातात कागद होता. त्यावर लिहिलं होतं: "नेक आणि मधला आवडतो, हात लावायचा नाही. ब्रिजवर डिस्टॉर्शन लावून वरच्या दोन तारांवर लीड घेतलं की पातळ लागतं. मांडवात घूं फार." आम्ही मध्यम आउटपुटचा, चार वायरींचा रेल पिकअप निवडला. फार हॉट घेतला असता तर त्याच्या २५० केच्या पॉटवर तो गुदमरला असता आणि स्विच बदलला की बाकीचे दोन पिकअप कुजबुजल्यासारखे वाटले असते. सोल्डर त्यानंच केलं, मी फक्त बॉडीवर वर्तमानपत्र पसरून धरलं. मग पुन्हा शेवटचा फ्रेट दाबून स्टीलची पट्टी लावली. तीन मिलिमीटरवर सुरुवात केली, नेकवरून ब्रिजवर स्विच टाकत दर वेळी अर्धा फेरा वर घेत गेलो, आणि जिथे दोन्हींचा आवाज सारख्या उंचीचा वाटला तिथे तो म्हणाला, "दादा, इथेच थांबा."